पाया पडताना पायांकडेही पाहा

संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. मानाचे सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते आणि पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतील भक्तगण दिवसभर त्यांच्यासोबत चालतात. आमच्या परिचयातील एक गृहस्थ, एकेकाळचे गिरणी कामगार, चाळीसहून अधिक वर्षे या मिरवणुकीत चालले. काही वर्षांपूर्वी मात्र बाराबंदी अंगात घालूनही ते घराच्या ओट्यावरच बसून राहिले. नंदीध्वज समोरून गेले. त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. घरच्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. "आबा आता थकले हो," सूनबाई म्हणाल्या. शेजाऱ्यांनीही मान डोलावली. त्याच वर्षी वैशाखात पहाटे न्हाणीघरात आबांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया वेळेवर झाली, उत्तम झाली. पैशाची अडचण आली नाही, मुलांनी रजा काढल्या, लेक सासरहून येऊन महिनाभर राहिली. हाड सांधले गेले. आबा मात्र पुन्हा उभे राहिले नाहीत. भाद्रपदात ते गेले.

तेराव्याला भेटायला गेलो असता थोरल्या मुलाने विचारलेला प्रश्न अजून आठवतो. "साखर ताब्यात होती, हृदयाचा आलेख चांगला होता, शस्त्रक्रियाही यशस्वी झाली. मग बाबा गेले कशाने?"

या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयाच्या कागदांत सापडणार नव्हते. ते चार महिने आधी, संक्रांतीच्या सकाळी, ओट्यावर सर्वांच्या डोळ्यांदेखत बसलेले होते. सुनेने ते एका शब्दात सांगितलेही होते. 'थकले' हा आपल्या भाषेतील किती नेमका शब्द! दिवसभराच्या श्रमाने माणूस दमतो आणि झोपेने ताजातवाना होतो. थकलेल्या म्हाताऱ्याचे तसे नसते. त्याची गंगाजळीच आटत आलेली असते. रोजचा खर्च कसाबसा भागतो. पण ताप, जुलाब, एखादे पडणे किंवा एखादी शस्त्रक्रिया असा जादा खर्च अंगावर आला की सारा संसार कोलमडतो. वैद्यकशास्त्र या अवस्थेला 'फ्रेल्टी' म्हणते. मराठीत तिला जराक्षीणता म्हणता येईल. आपल्या घराघरांत ही अवस्था सर्वांना दिसते, तिला नावही आहे; पण ते नाव उच्चारून आपण विषय संपवतो. वास्तविक तेथून विषय सुरू व्हायला हवा.

ही अवस्था मोजता येते, हे गेल्या पाव शतकात निर्विवाद सिद्ध झाले आहे. २००१ मध्ये अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरील पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या निरीक्षणातून जराक्षीणतेची पाच लक्षणे निश्चित केली. प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलो किंवा अधिक वजन घटणे, सतत गळून गेल्यासारखे वाटणे, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे, आणि हालचाल एकूणच कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे असतील, तर ती व्यक्ती क्षीण झाली असे समजावे. एक वा दोन असतील, तर ती उंबरठ्यावर आहे असे मानावे. आता हीच यादी आपल्या घरच्या बोलीत वाचून पाहा. सदरा खांद्यावरून ओघळू लागला. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडेना. रस्ता ओलांडेपर्यंत सिग्नल बदलू लागला. देवळात जाणे सुटले, मग भाजी आणणे सुटले, मग जिना उतरणे सुटले. यांतले काय आपल्याला दिसत नव्हते? सारे दिसत होते. फक्त पाच गोष्टींची बेरीज कोणी केली नव्हती.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जराक्षीणता म्हणजे वय नव्हे. आषाढात आळंदीहून निघून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत पंढरीला पोहोचणारे, ऐंशी ओलांडलेले वारकरी आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. त्याच सोलापूर जिल्ह्यात साठी-पासष्टीतच पार खंगलेल्या स्त्रियाही आहेत. शहराच्या पूर्व भागातील विडी कामगार महिलांकडे पाहा. बालपणापासून मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची कापलेली पाने. पाठ वाकलेली, गुडघे दुमडलेले, श्वासागणिक तंबाखूची धूळ. या स्त्रियांजवळ स्वतःची क्षीणता मोजण्याचे एक साधन पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते म्हणजे दिवसाचा हजार. 'पूर्वी हजार विड्या दिवस मावळायच्या आत व्हायच्या, आता सहाशेला रात्र होते,' असे एखादी अव्वा सांगते, तेव्हा तिने आपल्या बोटांची शक्ती, नजर, उत्साह आणि बैठक या साऱ्यांचा हिशेब एका वाक्यात मांडलेला असतो. पकडीची शक्ती मोजण्याचे यंत्र तिच्याकडे नसेल. पण तिचे सूप खोटे बोलत नाही. दवाखान्यात मात्र तिला 'किती विड्या होतात?' असे कोणी विचारत नाही. गुडघेदुखीची गोळी लिहून दिली जाते आणि पुढचा रुग्ण आत येतो.

या स्त्रियांपैकी अनेकींना भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून मिळणारे निवृत्तिवेतन अत्यल्प आहे. २०१४ पासून त्याची किमान रक्कम महिना एक हजार रुपये आहे. कुंभारी परिसरात विडी कामगारांसाठी मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतील रे नगर येथील १५ हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. भाड्याच्या कोंदट खोलीत आयुष्य काढलेल्या कष्टकऱ्यांना स्वतःचे छप्पर मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु जुन्या पेठेतील ओळखीचा डॉक्टर, उधार देणारा औषधवाला आणि हाकेला ओ देणारी शेजारीण मागे राहिली, की वृद्ध माणसाचा आधार किती पातळ होतो, याचाही विचार घरांच्या किल्ल्या देणाऱ्या समाजाने करायला हवा.

मध्यमवर्गाची कथा वेगळी दिसते, पण शेवट तोच. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादेत, नातू परदेशात. जुन्या वाड्यात किंवा दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत आजी-आजोबा दोघेच. दर रविवारी मोबाइलवर एकमेकांचे चेहरे दिसतात. चेहरा दिसतो, चाल दिसत नाही. "आई, बरी आहेस ना?" "हो रे बाबा, मला काय धाड भरलीये!" संभाषण संपते. आईने तीन महिन्यांपासून रात्रीचा स्वयंपाक सोडला असून ती चहात बटर बुडवून खाऊन झोपते, हे त्या छोट्या पडद्यावर उमटत नाही. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा बळ देणारा आहार खरा. पण त्यासाठी तोंडात दात लागतात. कवळी सैल झाली म्हणून भाकरी सुटली, भाकरी सुटली म्हणून वजन घटले, वजन घटले म्हणून पाय लटपटू लागले, असा घसरणीचा मार्ग दातांपासून खुब्यापर्यंत जातो. त्यात सोलापूरचा उन्हाळा. पारा ४२-४३ अंशांवर गेला की वृद्धांना तहानेची जाणीव होत नाही आणि 'रात्री उठावे लागते' म्हणून अनेक जण संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. मग पहाटे चक्कर येते. आपण म्हणतो, पाय घसरला.

आकडे पाहिले तर प्रश्नाचा आवाका ध्यानी येतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील नागरिक १० कोटींहून अधिक होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेसह २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत हे प्रमाण देशाच्या लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शापलीकडे जाणार आहे. याच संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला; साठीपुढील दर चार भारतीयांपैकी तिघांना कोणता ना कोणता जुनाट आजार आहे, असे त्यातून दिसले. म्हणजे वृद्ध रुग्ण हा आता दवाखान्यातील अपवाद नाही. तोच नेहमीचा रुग्ण आहे. आपली तपासणीची पद्धत मात्र अजूनही एक अवयव, एक आजार, एक डॉक्टर या चौकटीत अडकलेली आहे.

ही चौकट आपल्या परंपरेला परकी आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. चरकसंहितेच्या विमानस्थानात रुग्णाची दशविध परीक्षा सांगितली आहे. प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. या दहांत रोग म्हणजे विकृती हा एकच विषय आहे. उरलेले नऊ त्या रोगाला तोंड देणाऱ्या माणसाविषयी आहेत. आहारशक्ती म्हणजे किती खाता येते आणि किती पचते. व्यायामशक्ती म्हणजे किती श्रम पेलतात. आणि वय यादीत सर्वांत शेवटी! आजचे जराशास्त्र ज्या निष्कर्षावर येत आहे, त्याचे सूत्र आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी मांडले गेले होते. परंतु या वारशाचा नुसता अभिमान बाळगून आबांचे वजन वाढत नाही. ज्यांच्याकडे असा वारसा नव्हता, त्यांनी काय केले, हेही पाहिले पाहिजे.

१९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या निराधारगृहातील सातशेहून अधिक रुग्णांची जबाबदारी आली. बहुतेक सारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, 'असाध्य' म्हणून सोडून दिलेले. डॉ. मार्जोरी वॉरेन या महिला डॉक्टरने त्यांतील एकेकाची स्वतंत्र तपासणी केली, प्रत्येकाला काय जमते आणि काय जमत नाही याची नोंद केली, त्यांना उठवून बसवले, चालवले. ज्यांनी दार पुन्हा ओलांडण्याची आशा सोडली होती, अशांपैकी कित्येक जण आपल्या पायांनी घरी गेले. जपानने २००६ पासून ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी २५ साध्या प्रश्नांची एक प्रश्नावली वापरात आणली. एकटे बसने प्रवास करता का, आधाराशिवाय जिना चढता का, गेल्या वर्षात पडलात का, असे तिचे स्वरूप. इंग्लंडमध्ये २०१७ पासून कुटुंब-डॉक्टरांवर ६५ वर्षांवरील रुग्णांमधील क्षीणता ओळखण्याची जबाबदारी टाकण्यात आली. यांपैकी कशालाही महागड्या यंत्राची गरज लागली नाही.

मग नीट तपासणी म्हणजे काय? वाचकांनी हे समजून घ्यावे, कारण उद्या आपल्याच आई-वडिलांसाठी ती मागावी लागणार आहे. हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार हे १४ सेकंदांत जमले पाहिजे. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजावे. चार मीटर अंतर नेहमीच्या चालीने कापायला पाच सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर चाल मंदावली आहे. रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० ने किंवा अधिक उतरला, तर पहाटेच्या त्या चकरेचे कारण सापडले. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने ते विचारायचे, म्हणजे स्मरणशक्तीचा अंदाज येतो. डोळे, कान, दात, मनाची उभारी आणि घरात सोबतीला कोण, एवढे विचारले की पाऊण तासात त्या माणसाचे चित्र उभे राहते.

आणि औषधांची पिशवी! हृदयाच्या डॉक्टरांची एक फाइल, मधुमेहाची दुसरी, हाडांची तिसरी आणि झोपेची गोळी ओळखीच्या दुकानदाराने दिलेली. पाच किंवा अधिक औषधे रोज चालू असली, की वैद्यकशास्त्र त्याला बहुऔषधी अवस्था म्हणते आणि तिच्याकडे स्वतंत्र धोका म्हणून पाहते. झोपेच्या गोळीने रात्री तोल जातो. लघवी वाढवणाऱ्या गोळीने न्हाणीघराच्या खेपा वाढतात. मधुमेहाचा आकडा तरुणासारखा ठेवण्याच्या अट्टहासात साखर अचानक उतरते आणि आजोबा देवघरातच कोसळतात. म्हणूनच क्षीण वृद्धांसाठी साखरेचे उद्दिष्ट सैल ठेवावे, असे आता मधुमेहतज्ज्ञच सांगतात. औषध स्वतःच्या मनाने बंद करणे घातक आहे. पण सारी औषधे एका पिशवीत घालून, एका डॉक्टरांसमोर टेबलावर ओतून, "यांतले खरोखर आवश्यक कोणते?" असे विचारण्याचा अधिकार प्रत्येक कुटुंबाला आहे. आबांच्या घरात चार फाइली होत्या. चारही फाइली एका टेबलावर कधीच आल्या नाहीत.

शस्त्रक्रियेपूर्वी तर ही तपासणी अटळ मानली पाहिजे. हृदय भूल सोसेल काय, हे आपण विचारतो. मांड्या नंतरचे पंधरा दिवस सोसतील काय, हे विचारत नाही. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर पायांतील सुमारे एक किलो स्नायू झडतो, असे अमेरिकेतील २००७ च्या एका अभ्यासात दिसून आले. निरोगी माणसाची ही गत, मग आधीच खंगलेल्याचे काय? रुग्णालयात वृद्ध अचानक बरळू लागतात, रात्री उठून 'मला घरी न्या' म्हणतात, लेकाला ओळखत नाहीत. 'वेड लागले' म्हणून घरचे घाबरतात. बहुधा तो अनोळखी जागा, जंतुसंसर्ग, औषधे आणि निद्रानाश यांतून आलेला तात्पुरता चित्तभ्रम असतो. चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ ठेवणे, ओळखीचे माणूस उशाशी असणे, शक्य तितक्या लवकर उठवून बसवणे, यांनी तो पुष्कळ अंशी टळतो. सोलापूर हे आज धाराशिव जिल्ह्यासह सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीपर्यंतच्या रुग्णांचे आशास्थान आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे, खासगी रुग्णालयांची तर रांग आहे. एवढे वैद्यकीय बळ असलेल्या शहराने वृद्धाच्या कोणत्याही नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी चाल, पकड, वजन आणि स्मरण यांची नोंद हा शिरस्ता का पाडू नये?

या ठिकाणी एक इशारा देणे आवश्यक वाटते. मोजमाप हे दुधारी शस्त्र आहे. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या संकटात ब्रिटनमधील एका अधिकृत मार्गदर्शिकेने अतिदक्षता उपचारांचा निर्णय घेताना क्षीणतेची श्रेणी पाहावी, असे सुचवले. काही दिवसांतच ती दुरुस्त करावी लागली. कारण ती पट्टी तरुण अपंगांनाही लावली जाईल, अशी रास्त भीती व्यक्त झाली. आपल्याकडे तर पट्टीचीही गरज पडत नाही. "पंच्याहत्तरी झाली, आता कशाला चिरफाड?" या एका वाक्यावर मोतीबिंदू पिकत ठेवला जातो, ऐकू येत नसले तरी यंत्र घेतले जात नाही. दुसऱ्या टोकाला, लोक काय म्हणतील या भीतीने अखेरच्या घटका मोजणाऱ्या जिवाला नळ्यांच्या जाळ्यात अडकवले जाते. पहिल्यात उपेक्षा आहे आणि दुसऱ्यात देखावा. क्षीणतेची तपासणी उपचार नाकारण्यासाठी नसून उपचार त्या माणसाच्या बेताचे व्हावेत यासाठी आहे, हे डॉक्टर आणि कुटुंब या दोघांनीही मनाशी पक्के केले पाहिजे. आणि ज्याचा देह आहे, त्याला काय हवे, हे त्याला विचारले पाहिजे. आपल्या घरांत सर्वांत कमी वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच असेल.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून अस्तित्वात आहे. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा स्वतंत्र कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी, अशी त्यात तरतूद आहे. आशा कार्यकर्तीच्या तपासणी-पत्रकात साठीपुढील व्यक्तींसाठी उभे राहताना वा चालताना तोल जातो का, रोजच्या कामांत मदत लागते का, जवळच्यांची नावे वा घरचा पत्ता विसरतो का, असे प्रश्न छापलेले आहेत. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसारख्या साधनांसाठी तीन हजार रुपयांचे साहाय्य सुरू केले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेचे कवच मिळाले. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु ते कवच रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाचे आहे. दाखल होण्याची पाळीच येऊ नये म्हणून करायची तपासणी त्याच्या बाहेर राहते. मोडलेल्या खुब्याचे पैसे मिळतात, तो मोडू नये म्हणून न्हाणीघरात बसवायच्या दांडीचा विचार कोणी करायचा? कागदावरील तरतूद आपल्या तालुक्यात प्रत्यक्षात किती उतरली, ते वृद्ध-तपासणीचे दिवस खरोखर पाळले जातात का, हे विचारणे हे जागरूक नागरिकांचे काम आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मोजून करायचे काय? म्हातारपण थोडेच परतवता येते? येथेच या विषयातील सर्वांत आशादायक भाग येतो. १९९४ मध्ये बोस्टन येथील एका वृद्धसेवागृहात शंभर क्षीण रहिवाशांवर प्रयोग झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. त्यांतील ज्यांनी दहा आठवडे पायांनी वजन उचलण्याचा पद्धतशीर व्यायाम केला, त्यांच्या स्नायूंची शक्ती दुपटीहून अधिक झाली. चालीचा वेग आणि जिना चढण्याची ताकदही वाढली. सत्याऐंशीव्या वर्षी! स्नायू वय पाहून रुसत नाही. त्याला काम हवे आणि प्रथिने हवीत. वृद्धांनी रोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने. साठ किलोच्या माणसाला ती साठ ते पंचाहत्तर ग्रॅम लागतात, म्हणजे भाकरीबरोबर घट्ट वरण, दूध-दही, शेंगदाण्याचे कूट, मोड आलेली कडधान्ये आणि ज्यांना चालते त्यांना अंडे, हे सारे रोजच्या ताटात हवे. उपवासांची संख्याही सत्तरीनंतर कमी करावी. देव रागावणार नाही. फिरायला जाणे चांगलेच, पण तेवढे पुरत नाही. खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला धरून टाचा उचलणे, झेपतील तेवढी हलकी वजने उचलणे, असा बळाचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा व्हायला हवा. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि आधार न घेता उठणे ही आपली जुनी सवय म्हणजे तर रोजची परीक्षा आणि रोजचा व्यायाम दोन्ही होते. गुडघ्यांचे निमित्त करून आपण ती फार लवकर सोडली.

आता प्रश्न उरतो, हे करणार कोण. आपल्या कार्यकर्त्यांना वस्तीतल्या घराघरांची ओळख आहे. रक्तदान शिबिरे, नेत्रतपासणी, पूर-दुष्काळातील मदत यांचा त्यांना अनुभव आहे. या कामासाठी शिबिराचा मंडपही लागत नाही. एक टणक खुर्ची, सेकंदकाटा असलेले घड्याळ, वजनकाटा, जमिनीवर चार मीटरची आखलेली रेघ आणि एक वही एवढे पुरे. भजनी मंडळे, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ यांनी दर तीन महिन्यांनी आपल्या सदस्यांचे वजन, उठ-बस आणि चाल यांची नोंद ठेवावी. तीन महिन्यांत तीन किलोंहून अधिक वजन घटलेले, गेल्या वर्षात एकदा तरी पडलेले, भजनाला येणे सोडलेले असे जे कोणी आढळतील, त्यांच्यासोबत एका कार्यकर्त्याने औषधांच्या पिशवीसह डॉक्टरांकडे जावे. निदान करणे हे डॉक्टरांचेच काम. पण कोणाकडे तातडीने लक्ष द्यायला हवे, एवढे ओळखणे समाजाला जमले पाहिजे. विडी कामगारांच्या वस्तीत हे काम अधिक निकडीने व्हावे, कारण तेथे क्षीणता लवकर येते आणि डॉक्टर उशिरा भेटतो.

आणि प्रत्येक कुटुंबानेही आपल्यापुरता विचार करावा. आपल्या कुटुंबव्यवस्थेचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पाश्चात्त्यांनी आपल्या वृद्धांना संस्थांच्या स्वाधीन केले, आपण मात्र त्यांना घरात मानाने ठेवतो, असे आपण सभासंमेलनांत सांगतो. पण त्याच पाश्चात्त्यांच्या एका संस्थेत सत्याऐंशी वर्षांच्या वृद्धांच्या पायांत बळ भरले जात होते, आणि मानाने सांभाळलेले आमचे आबा ओट्यावर बसल्याबसल्या झिजत होते. 'तुम्ही बसा, आम्ही करतो' असे म्हणत त्यांच्या हातातली पिशवी, बागेतली झारी, बाजाराची फेरी आपण प्रेमानेच काढून घेतली. त्या प्रेमानेही त्यांचे पाय दुबळे केले. मान देणे आणि लक्ष ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुटुंबव्यवस्थेची कसोटी दुसऱ्या गोष्टीवर लागते.

दिवाळीत मुले-नातवंडे घरी येतील. पाडव्याला, भाऊबीजेला वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्यासाठी वाकतील. वाकल्यावर क्षणभर थांबून त्या पायांकडे पाहावे. पोटऱ्या सुकल्या आहेत काय, घोट्यांवर सूज आहे काय, चपलेचा अंगठा झिजून एकीकडे कलला आहे काय? मग आशीर्वाद घेऊन झाल्यावर म्हणावे, "आजोबा, चला, कोपऱ्यापर्यंत चालून येऊ." आणि त्यांच्या शेजारून, त्यांच्या चालीने चालावे. आबांच्या ओट्यावर त्या संक्रांतीला कोणी एवढे केले असते, तर कदाचित पुढच्या वर्षी त्यांनी बाराबंदी घालून नंदीध्वजामागे चार पावले टाकली असती.